आंबा, काजू, बांगडा... आणि अंगभर गांधी

कोकणात मे महिन्यातच जावं, असं मी एसीत बसणाऱ्या माझ्या तमाम मित्रमंडळींना सांगते आणि तमाम मित्रमंडळी मला वेड्यात काढतात. ‘मेमध्ये? अगं, भाजून निघशील!’ निघतोच. पण त्या भाजण्याच्या बदल्यात जे मिळतं ना, ते डिसेंबरच्या गुलाबी थंडीत रिसॉर्टच्या पूलजवळ बसून मिळत नाही. हापूस उतरत असतो, ओल्या काजूगरांचा हंगाम संपता संपता शेवटचा हात देऊन जात असतो, फणसाचा वास गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा असतो आणि घराघरांच्या खळ्यात रातांबे फोडून आमसुलं वाळत पडलेली असतात. एक वीकेंड, चार सुट्ट्या, काय पाहिजे अजून?

2025 साली 1 मे गुरुवारी आला. शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस हातात. मी, माझी ताई, भावजी आणि साडेपाच वर्षांच्या आमच्या भाचीबाई असे चौघं बुधवारी मध्यरात्री तुतारी एक्स्प्रेसमध्ये चढलो आणि दुसऱ्या दिवशी कुडाळला उतरून वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत पोचलो. आरवली म्हणजे वेतोबाचं गाव. हा देव रात्री गावची राखण करत फिरतो म्हणे, म्हणून त्याला नवसाच्या चपला वाहतात. छोट्यामोठ्या नाही, माणसाच्या पायात कधीच बसणार नाहीत अशा दांडग्या चामडी चपला! भाचीबाईंनी देवळात पहिला प्रश्न विचारला, ‘याचा पाय किती नंबरचा आहे?’ पुजाऱ्यांनाही हसू आवरलं नाही.

वेंगुर्ल्याबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक म्हणजे इथली सतराव्या शतकातली डच वखार, आता नुसते अवशेष, पण एकेकाळी हे केवढं बंदर होतं त्याची कल्पना येते. दुसरी म्हणजे इथलं फळ संशोधन केंद्र. ‘वेंगुर्ला 4’, ‘वेंगुर्ला 7’ ही नावं ऐकून एखाद्या एसटीचे नंबर वाटतील, पण त्या काजूच्या जाती आहेत. काजू मुळात आपला नाहीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आणला, गोव्यात लावला आणि पुढे तो या किनाऱ्यावर असा रुजला की आज काजूशिवाय इथलं जेवण पूर्ण होत नाही.

तर शुक्रवार. शुक्रवारचा मेनू मी मुद्दाम सविस्तर सांगते, पुढे त्याची चौकशी होणार आहे. सकाळी आंबोळी आणि नारळाचा रस. अकराच्या सुमारास झाडाखाली बसून रायवळ आंबे, चोखून, कोपरापर्यंत ओघळ. दुपारी बांगड्याचं तिखलं, ओल्या काजूची उसळ, भात, सोलकढी. संध्याकाळी मोचेमाडच्या किनाऱ्यावर दोन तास पाण्यात दंगा. रात्री पुन्हा भात, तळलेला बांगडा आणि झोपताना अर्धा हापूस. मधल्या वेळेत मांजरीच्या पिल्लांना हाताळणं, कुंपणातून आरपार जाणं आणि होम-स्टेवाल्या काकूंच्या बाजूला बसून रातांबे फोडणं. शहरातल्या पोरीला एका दिवसात याहून जास्त कोकण देता येत नाही!

शनिवारी सकाळी सहाला ताईनं मला हलवून उठवलं. ‘हिच्याकडे बघ जरा.’

पोटावर, मांड्यांवर, पाठीवर लालसर फुगलेल्या गांधी. काही रुपयाएवढ्या, काही एकमेकींना चिकटून नकाशासारख्या. मधे फिकट, कडेला लाल. पोरगी झोपेतच कराकरा खाजवत होती. आम्ही बघता बघता मांडीवरची एक विरली आणि खांद्यावर दुसरी उठली. साडेसातपर्यंत उजव्या डोळ्याची पापणी सुजली आणि ताईचा चेहरा पांढरा पडला.

काकू आल्या, वाकून बघितलं. ‘ह्या पित्त उठला गो. घाबरू नको, आमसुलां भिजत घालतंय.’ गांधी उठल्या, गांधी उठल्या असं सगळे म्हणताहेत हे ऐकून भाचीबाईंनी एका डोळ्यानं विचारलं, ‘गांधीजी का उठले?’ त्या क्षणी फक्त मलाच हसू आलं आणि ताईनं माझ्याकडे असं बघितलं की तेही गेलं.

मग सुरू झाली ती प्रत्येक मराठी घरात होते तीच चर्चा. भावजींचं मत काजू. ताईचं मत बांगडा, ‘मी म्हटलं होतं रात्री नको’. फोनवरून आजीचं मत आंबा, ‘उष्ण पडला’. शेजारच्या आजोबांचं मत खाजकुइली. मी तोवर रिक्षा बोलावली होती. आमसुलाच्या पाण्याची वाटी ताईच्या हातात, पोर भावजींच्या मांडीवर, असे आम्ही शिरोड्याला निघालो. वेतोबाचं देऊळ आलं तसे ताईनं वाटीसकट हात जोडले.

शिरोड्यातला दवाखाना म्हणजे एक खोली, बाहेर दोन बाकं आणि आत पन्नाशीच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी गांधींकडे आधी बघितलंच नाही! जीभ बाहेर काढायला लावली, ओठ बघितले, छातीला स्टेथोस्कोप लावला, नाडी बघितली, भाचीला नाव-गाव-शाळा विचारून तिचा आवाज ऐकला. उलटी झाली? पोटात दुखतंय? श्वासाला शीळ? आवाज घोगरा? पोर मलूल? सगळ्याला ‘नाही’ आल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, ‘चला. आता आपल्याकडे बोलायला वेळ आहे.’

हे वाक्य मला फार आवडलं. कारण आपण सगळे उलट्या क्रमानं जातो. आधी ‘कशामुळे?’, मग बाकीचं. त्यांचा हिशोब सोपा होता. नुसत्या कातडीवर गांधी असतील तर त्रास आहे, धोका सहसा नाही. पण गांधींसोबत जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, परत परत उलट्या झाल्या, पोर अचानक गळून गेलं, तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिस. तिथे मिनिटं महत्त्वाची. तेव्हा आमसूल नाही, गोळी नाही, सायरपही नाही. मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, आणि ते जिथे मिळेल तिथे तडक. (महाराष्ट्रात 2014 पासून 108 ची मोफत अ‍ॅम्ब्युलन्स आहे. हा नंबर ट्रिपला निघताना घरातल्या प्रत्येकाला पाठ असू दे. ‘हॉटेलचं लोकेशन पाठव’ एवढंच पाठ असतं आपल्याला.)

मग त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं आणि भाचीच्या दंडावरच्या एका गांधीभोवती गोल काढला. शेजारी वेळ लिहिली, 8.40. ‘ही कुठे जाते बघायचं. तुझं काम.’ पोरगी एकदम खूश. खाजवणं थांबलं आणि पहारा सुरू झाला.

त्या गोलाचं गुपित असं. अर्टिकेरिया, म्हणजे आपण ज्याला अंगावर पित्त उठणं म्हणतो, त्यातली एकेक गांध चोवीस तासांच्या आत डाग न ठेवता विरते. नवीन उठतात, जुन्या जातात, पण तीच ती एका जागी बसून राहत नाही. बसली, दुखायला लागली, निळसर डाग सोडून गेली, तर मामला वेगळा. दहा रुपयांच्या पेनात होणारी ही टेस्ट! आणि आजाराचं म्हणाल तर दर पाच माणसांमागे साधारण एकाला तो आयुष्यात कधी ना कधी होतोच.

होतं काय आत? कातडीत मास्ट सेल नावाच्या पेशी असतात. ऑफिसातल्या फायर अलार्मसारख्या समजा. चिथावलं की त्या हिस्टामिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, कातडी फुगते, खाज सुटते. आता अलार्म खऱ्या आगीनं वाजतो, तसा कुणी पॅन्ट्रीत टोस्ट करपवला तरी वाजतो. आवाज तोच! म्हणून नुसती गांध बघून ती काजूची की कशाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

तरी आमची चौकशी झालीच. आणि खरं सांगू, वेंगुर्ला तालुका मला त्या अर्ध्या तासात जेवढा कळला तेवढा आधीच्या दोन दिवसांत कळला नव्हता.

पहिला आरोपी आंबा. आंबा, काजू आणि बिब्बा हे तिघं सख्खे चुलत भाऊ, एकाच कुळातले. तिघांच्याही चिकात, तेलात कातडी जाळणारी, चिडवणारी द्रव्यं. बिब्बा ‘उततो’ हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक. परटाकडे कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचाच रस वापरत. दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या अमेरिकन सैनिकांना नेमकी त्या खुणेच्या जागी मानेवर पुरळ यायचं, ते डॉक्टरांनी परटाच्या खुणेपर्यंत शोधत नेलं. आंब्याचंही तसंच, देठाशी चीक असतो. पण चिकाचं पुरळ ज्या जागी चीक लागला तिथेच येतं, तोंडाभोवती, हातांवर, आणि तेही बहुतेकदा एक ते तीन दिवसांनी. बारीक फोड येतात, दिवसेंदिवस राहतात. तासाभरात पोटावरून पाठीवर पळत नाहीत. भाचीच्या ओठांभोवती काही म्हणजे काही नव्हतं. आंबा सुटला.

काजूचा मामला जरा गंभीर. काजूची दोन तोंडं आहेत. कवचातलं तेल कातडी सोलून काढतं. ओले काजूगर काढणाऱ्या बायकांची बोटं बघा, काळी पडून सालपटं निघालेली असतात. बाजारात शंभर काजूगरांचा भाव ऐकून आपण ‘बाप रे’ म्हणतो, तेव्हा त्या बोटांकडे एकदा बघावं. हे झालं तेलाचं. पण आतल्या गराची अ‍ॅलर्जी असते ती प्रथिनांची, वेगळीच, आणि ती चांगली जीवघेणीही ठरू शकते. डॉक्टरीणबाईंनी म्हणूनच काजूवर सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. आधी कधी खाल्लाय? (काजूकतलीवरच वाढलीय ती.) काल कधी खाल्ला? दुपारी एक वाजता. गांधी कधी? पहाटे. ‘अन्नाची अशी अ‍ॅलर्जी काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. सोळा-सतरा तास ती वाट बघत बसत नाही.’

बांगडा. यात एक गंमत आहे, जी मासे खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. बांगडा, सुरमई, टुना असे मासे बर्फाबाहेर राहिले तर त्यांच्यात जिवाणूंमुळे हिस्टामिनच तयार होतं. तेच, जे मास्ट सेल सोडतात! मग खाणारा लालेलाल होतो, डोकं ठणकतं, अंग खाजतं आणि तो बिचारा जन्मभर ‘मला बांगड्याची अ‍ॅलर्जी’ म्हणून सांगत फिरतो. अ‍ॅलर्जी त्याला नसतेच, दोष त्या दिवशीच्या माशाचा असतो. शिजवून, तळून ते हिस्टामिन जात नाही. पण मग पंगतीतल्या बाकीच्यांनाही थोडाफार त्रास व्हायला हवा. आम्ही तिघांनी मिळून सात बांगडे संपवले होते आणि आमच्या अंगावर फक्त उन्हाचे चट्टे होते. शिवाय तोही लगेच होतो, रात्रभर थांबून नाही.

खाजकुइलीच्या शेंगेवरची सोनेरी लव अंगाला लागली की माणूस तिथल्या तिथे नाचतो. मांजरीचं पिल्लू, लाल मुंग्या, घामोळं, हे सगळे दोन-दोन मिनिटांत सुटले. राहिला समुद्र. जेलीफिशचे डंख रेषारेषांचे, लागल्या क्षणी भाजणारे, ते नव्हतं. पण समुद्राचा या कहाणीशी भलताच जुना संबंध आहे. 1901 मध्ये शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर समुद्री जिवांच्या विषाचा अभ्यास करत होते. पुढे परतल्यावर समुद्रफुलाच्या विषाचा प्रयोग त्यांनी कुत्र्यांवर केला. पहिला डोस पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी छोट्या डोसनं काही मिनिटांत मेला. संरक्षण मिळण्याऐवजी उलटंच झालं! ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ हा शब्द 1902 मध्ये तिथून आला आणि रिशेंना 1913 मध्ये नोबेल. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द त्यानंतरचा, 1906 चा, ऑस्ट्रियातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाचा. म्हणजे ज्या शब्दावर आज आख्ख्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा विश्वास आहे, तो मुळात एका मुलांच्या डॉक्टरनं दिलेला.

‘मग कशामुळे?’ ताईनं विचारलंच. आई आहे ती.

डॉक्टरीणबाईंनी उलट प्रश्न केला. ‘गेल्या आठवड्यात ताप-सर्दी काही?’

ताई आणि भावजी एकमेकांकडे बघायला लागले. झाला होता की! परीक्षा संपली त्याच दिवशी ताप, मग तीन दिवस शेंबूड. ट्रिपच्या गडबडीत सगळे विसरलेले. ‘मुलांमध्ये अशा अचानक उठणाऱ्या गांधींचं सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच, साधा व्हायरस. ताप जातो आणि मग हे उठतं. पण माझ्याकडे पुरावा नाही हं. कित्येकदा कारण सापडतच नाही आणि गांधी आपल्या आपण जातात. सहा आठवड्यांच्या आत बहुतेकांच्या जातात.’

भावजी आयटीवाले. ‘नाही सापडलं’ हे उत्तर त्यांच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. ‘मग ती पॅनल टेस्ट करूया का, ब्लडची? शंभर पदार्थांची एकदम होते म्हणे.’ त्यावर डॉक्टरीणबाई पहिल्यांदा जरा चढ्या आवाजात बोलल्या. त्या रिपोर्टात दहा गोष्टी पॉझिटिव्ह येतात, त्यातल्या कित्येक पोर रोज मजेत खात असतं. रक्तात आयजीई दिसणं म्हणजे अ‍ॅलर्जी असणं नव्हे. मग घरचे रिपोर्ट बघून दूध बंद करतात, अंडं बंद करतात, गहू बंद करतात, आणि सहा महिन्यांनी पोर काटक्या होऊन येतं. ‘एखादा पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांत त्रास झाला, परत खाल्ल्यावर परत झाला, तर जरूर टेस्ट करू, त्या पदार्थाची. आज नाही.’

मला इथे खरा पेच दिसला. पोर बरी होणार होती, ते एव्हाना दिसत होतं. पण ताईच्या मनात यादी तयार झाली होती. आंबा बंद, काजू बंद, मासे बंद. ती यादी शाळेच्या फॉर्मवर जाणार, वाढदिवसाच्या पार्टीत जाणार, दर मे महिन्यात पोरीच्या ताटाशी बसणार. माझ्या ओळखीत किमान तीन जण असे आहेत ज्यांना ‘लहानपणी काहीतरी झालं होतं’ म्हणून पंचवीस वर्षांत कोळंबी मिळालेली नाही. काय झालं होतं, विचारा. कुणालाच आठवत नाही.

औषध मिळालं साधं. झोप न आणणारं अँटीहिस्टामिन सायरप, मात्रा वजनावरून. झोप आणणारं जुनं औषध त्या मुद्दाम टाळतात म्हणाल्या, कारण पोर गुंगीत असलं तर ते औषधानं की बिघडल्यामुळे, हे आईला कळणार कसं? आमसुलाच्या वाटीकडे बघून हसल्या. ‘लावा की. थंड वाटतं. फक्त ते लावून वाट बघत बसू नका.’ तासभर बाकावर बसवून घेतलं, पुन्हा तपासलं आणि फी घेतली ती मुंबईत पार्किंगला जाते तेवढी.

परत जाताना रिक्षावाल्यानं मिठागराजवळ आपणहून थांबवली. मे 1930 मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला, शेकडो सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. याच शिरोड्यात वि. स. खांडेकर 1920 पासून 1938 पर्यंत शाळेत शिकवत होते. भाचीला आता ‘गांधी उठले’ चं खरं उत्तर मिळालं, असं मी तिला समजावून सांगत होते, पण बाईंचं लक्ष दंडावर. ‘मावशी, गेली!’ निळा गोल होता, 8.40 होतं, आत काही नव्हतं. नुसती कातडी. ताईनं तिथे अंगठा फिरवून बघितला. दोनदा.

त्या रात्री पुन्हा उठल्या, पाठीवर. रविवारी गाडीत पायावर. ताईनं प्रत्येक वेळी जीभ बघितली, आवाज ऐकला, पेनानं गोल काढला, मोबाइलवर फोटो घेतला आणि वेळ लिहिली. ठाण्याला उतरेपर्यंत पोरीचे हातपाय शाळेच्या फळ्यासारखे दिसत होते. काकूंनी दिलेली दोन डझन हापूसची पेटी भावजींच्या डोक्यावर होती आणि ती उघडायची की शेजाऱ्यांना द्यायची, यावर दोघांत धुसफूस चालू होती.

मंगळवारी रात्री शेवटची गांध कोपराजवळ दिसली. बुधवारी एकही नाही. गुरुवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. पेटी उघडली होती, आढीतले चार आंबे तयार होते, पोरीनं एक पूर्ण खाल्ला होता आणि ताई दोन तास घड्याळ समोर ठेवून तिच्यासमोर बसली होती. ‘काही नाही झालं गं,’ ती म्हणाली. ‘उद्या काजूची उसळ करतेय. येतेस?’